इंजिनातले गेलेले आटे पुन्हा कसे बसवायचे

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी बडोद्यात शिरलं आणि अकोटा, समा या भागांत दुचाक्या सीटपर्यंत बुडाल्या. पाणी उतरल्यावर जो तो गाडी ढकलत गॅरेजकडे निघाला. इंजिनात पाणी गेलं की ऑइल दुधाच्या चहासारखं होतं. ते काढायचं, साधं ऑइल भरायचं, इंजिन थोडा वेळ चालवायचं, परत काढायचं. दुधाळ रंग जाईपर्यंत हेच. एरवी दोन-तीन महिन्यांतून एकदा उघडणारा चेंबरचा, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भागाचा, नट त्या आठवड्यात चार-चार वेळा उघडला आणि आवळला गेला, तोही घाईत, चिखलात, मागे रांग लागलेली असताना.

आमच्या बाबांच्या १०० सीसीच्या गाडीचे आटे तेव्हाच गेले. गॅरेजमधल्या मुलाने पान्याला पाइप लावून नट आवळला आणि नट नुसताच फिरायला लागला. त्याने तो काढला, टेफ्लॉन टेप गुंडाळून परत बसवला आणि गाडी हातात दिली. सांगितलं काहीच नाही. नऊ दिवसांनी लालबाग पुलावर नट गळून पडला. मागे रस्त्यावर ऑइलची काळी रेघ उमटली. इंजिनाचा आवाज बदलला तसं बाबांनी लगेच बटण बंद केलं, म्हणून पिस्टन आणि ब्लॉक वाचले. अजून अर्धा किलोमीटर गेले असते तर इंजिन जाम झालं असतं.

तो चेंबर मी काकांबरोबर बसून दुरुस्त केला. काका तीस वर्षं मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, टर्नर (लेथवरचे कारागीर) होते. त्यानंतर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बऱ्याच गाड्यांवर हे काम केलं, काही भोकं बिघडवलीही. ज्यांनी आजवर फक्त प्लग साफ केलाय आणि चेन आवळलीय अशांसाठी हे लिहितोय.

एक शब्दांचं आधी. आपण मराठीत आटे म्हणतो, इथला गुजराती मेकॅनिक आंटा म्हणतो, हिंदी बोलणारा चूडी म्हणतो. दुकानात तिन्ही चालतात. ज्याला सगळे ‘चेंबरचा नट’ म्हणतात तो खरं तर बोल्ट असतो, पण दुकानात ‘ऑइल ड्रेन बोल्ट’ मागितलात तर दुकानदार क्षणभर तुमच्याकडे बघत राहील. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये इथे कलाभवन ही तंत्रशाळा काढली, तेव्हा तंत्रविद्या लोकांच्या भाषेतून शिकवावी असा प्रा. त्रिभुवनदास गज्जरांचा आग्रह होता. कानस, गुण्या, आटे हे शब्द अजून जिभेवर असलेल्या माणसाशी लेथवर बोलायला बसलं की तो आग्रह किती बरोबर होता हे कळतं.

आटे जातात कशाने

इंजिनाचा सांगाडा ॲल्युमिनियमचा आणि बोल्ट पोलादाचा. दोघांची ओढाताण झाली की हरतं ते ॲल्युमिनियम. साइड कव्हरचे बहुतेक बोल्ट एम ६ असतात, म्हणजे बाहेरचा व्यास ६ मि.मी. आणि दोन आट्यांमधलं अंतर १ मि.मी. एक पूर्ण फेरा फिरवला की बोल्ट बरोबर १ मि.मी. आत जातो. त्याला लागणारा जोर आहे १० ते १२ न्यूटन-मीटर. १५ सें.मी.च्या पान्याच्या टोकाला ८ किलोचं वजन टांगा, तेवढाच.

चेंबरचा नट मोठा असतो. पुष्कळ गाड्यांत एम १२ आणि १.५ मि.मी. अंतराचे आटे, वर १७ नंबरचा पाना. त्याला साधारण २५ न्यूटन-मीटर पुरतात. आता हिशोब करा. ६० किलोचा माणूस ४० सें.मी. लांब पाइपवर पाय देऊन उभा राहिला तर जोर होतो २३५ न्यूटन-मीटर. हवा त्याच्या नऊ पटींहून जास्त. आटे तिथेच कापले जातात. कधी त्याच दिवशी हाताला कळत नाही, अर्धेच फाटतात आणि पुढच्या वेळी नट उघडताना त्याच्याबरोबर बाहेर येतात.

पण इतका जोर माणूस का लावतो? बहुतेकदा नट गळतोय म्हणून. आणि नट गळतो कारण त्याच्याखालचा तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वॉशर एकदा चेपला की दुसऱ्यांदा नीट सील करत नाही. दहा-वीस रुपयांचा वॉशर वाचवण्यासाठी अख्खा चेंबर धोक्यात घालतात हे बघून मला खरंच वाईट वाटतं. ऑइल बदललं की वॉशर बदलायचा, दरवेळी.

बाकीची कारणं थोडक्यात. बोल्ट पहिल्या दोन फेऱ्यांना हाताने न लावता थेट पान्याने वाकडा घुसवणे. लांब बोल्टाच्या जागी आखूड लावणे, मग सगळा भार वरच्या तीन-चार आट्यांवर. बंद भोकात ऑइल किंवा पाणी साचलेलं असताना बोल्ट आवळणे, कारण पाणी दाबलं जात नाही, ते कडा फोडतं.

आधी तपासा, मग हत्याराला हात

बोल्ट न आवळता नुसता फिरतोय म्हणजे आटे गेलेच असं नाही. बोल्ट बाहेर काढा आणि त्याच्या आट्यांत बघा. चांदीसारखी चमकदार तार गुंडाळलेली दिसली तर ते भोकाचे आटे आहेत, सुटून बोल्टावर आलेले. तशी तार नाही, पण बोल्टाचेच आटे गोल झालेत, तर नुसता नवा बोल्ट आणून बघा. अशा तऱ्हेने दहा मिनिटांत संपलेली कामं मी पाहिली आहेत.

मग भोक साफ करा. जुन्या टूथब्रशने पेट्रोल लावून, वारा मारून. टॉर्च तिरपा धरून आत बघा. आटे फक्त चेपलेले किंवा घाणीने भरलेले असतील तर त्याच मापाचा टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) हाताने हळूच फिरवला तरी ते सरळ होतात. इथे धातू कापायचा नाही, वाट मोकळी करायची आहे. टॅप दोन बोटांनी फिरायला हवा. अडला की उलटा फिरवून काढा, पुसा, परत लावा.

आता सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत दुर्लक्षित उपाय. साइड कव्हरच्या भोकांत पुष्कळदा आटे बोल्टाच्या टोकापेक्षा ४-५ मि.मी. खोल पाडलेले असतात. वरचे आटे गेले तरी तळाचे कोरे असतात. व्हर्नियरच्या (बारीक मापं घ्यायच्या सरकत्या मोजपट्टीच्या) मागची पट्टी, किंवा एक सरळ तार, भोकात घालून खोली मोजा. कव्हरची जाडी त्यात मिळवा. जुन्या बोल्टापेक्षा ५ मि.मी. लांब बोल्ट बसतो का बघा, आणि तळाशी दोनेक मि.मी. मोकळे राहायलाच हवेत. बोल्ट तळाला टेकला तर पाना घट्ट लागेल पण कव्हर सैलच राहील, वर जोर लावलात तर सांगाडा तडकेल. हा उपाय बसला तर ड्रिल कपाटातच राहू द्या. भोक एकदा मोठं केलं की लहान होत नाही, म्हणून कमीत कमी धातू काढणारा उपाय आधी.

उपाय निवडताना

लांब बोल्टाने भागलं नाही तर तीन रस्ते उरतात.

पहिला, मोठा बोल्ट. एम ६ चं भोक एम ८ करायचं. गॅरेजमध्ये हेच जास्त होतं, कारण टॅप हाताशी असतो. मला हे आवडत नाही. कव्हरचं भोकही मोठं करावं लागतं, भोकाच्या कडेला राहिलेला धातू पातळ होतो, गॅस्केटची (गळती थांबवायला मध्ये घालतात त्या पातळ पट्टीची) बसण्याची जागा कमी होते, आणि पुढचा मेकॅनिक एम ८ बघून एम ८ चा जोर लावतो. चेंबरसाठी आपले आटे आपणच कापत जाणारा मोठा नट मिळतो. रात्रीची वेळ आहे आणि घरी पोचायचंय एवढ्यापुरता तो ठीक.

दुसरा, तारेची स्प्रिंग. हिला बाजारात हेलिकॉइल म्हणतात, काही जण नुसतंच स्प्रिंग. स्टेनलेस स्टीलची, चौकटच्या पत्त्यावरच्या खुणेसारख्या छेदाची तार गोल गुंडाळलेली असते. भोक थोडं मोठं करून त्यात खास टॅपने आटे पाडायचे आणि ही स्प्रिंग आत फिरवून बसवायची. बाहेरच्या बाजूने ती ॲल्युमिनियम पकडते, आतल्या बाजूला मूळ मापाचे आटे मिळतात. बोल्ट जुनाच चालतो. शिवाय मोकळी असताना ती भोकापेक्षा किंचित मोठी असते, त्यामुळे आत गेल्यावर बाहेरच्या दिशेने ताणून बसते. पोलादाचे आटे मिळाल्यामुळे हे भोक मूळ भोकापेक्षा मजबूत होतं. साइड कव्हर, हेड, सायलेन्सरचे स्टड या सगळ्यांना माझी पहिली पसंती हीच.

तिसरा, भरीव बुश. आत एक, बाहेर एक असे दोन्हीकडे आटे असलेली नळी. चेंबरच्या नटाला, जो आयुष्यभर उघडबंद होणार, त्याला बुश उत्तम. मकरपुऱ्यात कोणताही चांगला टर्नर पोलादाचा बुश अर्ध्या तासात करून देतो. मापं कागदावर लिहून न्या, नुसती तोंडी सांगू नका.

कडाच फुटली असेल किंवा भोकाभोवती दोन-तीन मि.मी. धातूही उरला नसेल तर यातलं काहीच करू नका. ते काम आर्गन वेल्डिंगचं. तिथे धातू भरून नवं भोक पाडावं लागतं. वर्षानुवर्षं ऑइल प्यायलेल्या ॲल्युमिनियमवर वेल्डिंग सहज धरत नाही, म्हणून सांगाडा पूर्ण खोलून, धुऊन, अशी कामं नेहमी करणाऱ्याकडेच द्या.

एम-सील, सुती दोरा, टेफ्लॉन टेप यांना मी उपाय मानत नाही. टेप गळती थांबवते, पकड देत नाही. आणि तिचे तुकडे आत गेले तर ऑइलच्या जाळीत जाऊन बसतात.

सामान

स्प्रिंगच्या कामाला तिचा पूर्ण संच घ्या. त्यात ड्रिलचा बिट, खास टॅप, स्प्रिंग बसवायची दांडी आणि काही स्प्रिंगा येतात. इथे नवशिका नेहमी चुकतो. हा टॅप साधा एम ६ चा नसतो. त्याच्यावर एम ६ लिहिलेलं असलं तरी तो बाहेरून ७ मि.मी.हून जाड असतो. घरातल्या साध्या टॅपने हे काम होत नाही.

एम ६ ला ६.३ मि.मी.चा बिट लागतो, एम ८ ला ८.३ ते ८.४. कंपनीगणिक थोडा फरक पडतो, म्हणून डब्यावर छापलेलंच माप धरा. स्प्रिंगची लांबी बोल्टाच्या व्यासाच्या दीडपट ते दुप्पट हवी, म्हणजे एम ६ ला ९ ते १२ मि.मी. ॲल्युमिनियम मऊ आहे, त्याला जास्त आटे द्यावेत. आणि दोन आट्यांमधलं अंतर तपासल्याशिवाय संच विकत घेऊ नका. एम १० मध्ये १.०, १.२५ आणि १.५ असे तिन्ही प्रकार इंजिनावर सापडतात. चांगला बोल्ट घ्या, त्याचे दहा आटे व्हर्नियरने मोजा, दहाने भागा.

याशिवाय टॅपचं हँडल, छोटा गुण्या (काटकोन तपासायला), ग्रीस, रॉकेल किंवा डिझेल, वारा मारायला पंप, आणि डोळ्यांना चष्मा. चष्म्याशिवाय भोकात वारा मारू नका. ॲल्युमिनियमचा कीस डोळ्यात गेला तर चुंबकानेही निघत नाही.

आणि एक भंगारातलं क्लच कव्हर. वजनावर मिळतं. त्यात पाच भोकं पाडा, पाच स्प्रिंगा बसवा, बोल्ट लावून आवळा, मुद्दाम तुटेपर्यंत आवळा. काकांनी मला गाडीला हात लावू देण्याआधी हे करायला लावलं. ‘अरे, आटे तुटताना पान्याला काय लागतं ते एकदा हाताला कळू दे,’ म्हणाले. पाना आधी हळूहळू जड होत जातो, मग एका क्षणी जड होणं थांबतं आणि लोण्यातून गेल्यासारखा फिरतो. तो क्षण एकदा ओळखीचा झाला की पुढे आयुष्यभर हात त्याच्या आधीच थांबतो.

काम: साइड कव्हरचं एम ६ भोक

गाडी मधल्या स्टँडवर, सपाट जमिनीवर. इंजिन थंड. कव्हर काढताना एका पुठ्ठ्यावर त्याचा आकार काढा आणि प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी टोचून ठेवा, कारण एकाच कव्हरला दोन-तीन लांबीचे बोल्ट असतात आणि अदलाबदल झाली की पुन्हा आटे जातात. उघडं इंजिन स्वच्छ फडक्याने झाका, फक्त ते भोक उघडं ठेवा. फडक्याची कड भोकाभोवती कागदी टेपने चिकटवा.

बिटवर खोलीची खूण करा, टेप गुंडाळून. ही खोली जुन्या भोकाइतकीच. भोकाच्या तळापलीकडे गेलात तर आतल्या ऑइलच्या वाटेत किंवा बाहेर निघाल.

आता ड्रिल. सगळ्या कामात मी सर्वांत जास्त वेळ इथे घालवतो. भोक सरळ नसेल तर पुढचं काहीही सरळ होत नाही. सांगाडा सुटा असेल तर हाताचं ड्रिल वापरूच नका, लेथवाल्याकडे किंवा उभ्या ड्रिल मशीनवर न्या. गाडीवरच करायचं असेल तर एक जण ड्रिल धरेल आणि दुसरा दोन बाजूंनी बघेल, एकदा समोरून, एकदा बाजूने, गुण्या टेकवून. वेग अगदी कमी. बिटला ग्रीस लावा, कीस त्याला चिकटून बाहेर येतो. जुनं भोक ५ मि.मी.च्या आसपास आहे, तुम्हाला ते ६.३ करायचंय. काढायचा धातू फारच थोडा आहे, त्यामुळे बिट स्वतःहून आत ओढला जाऊ पाहतो. त्याला मागे धरा. दर दोन-तीन मि.मी.ला बाहेर काढून पुसा.

मग टॅप. त्याच्या खाचांत ग्रीस भरा आणि रॉकेलचे दोन थेंब सोडा. पहिले दोन फेरे महत्त्वाचे. हँडलच्या मधोमध वरून तळहात दाबून फिरवा, दोन्ही टोकं धरून नाही. दोन फेऱ्यांनंतर थांबा, गुण्या लावा, पाव फेरा फिरवून पुन्हा लावा. वाकडा वाटला तर काढा आणि पुन्हा सुरुवात करा, अजून वेळ आहे. चार फेऱ्यांनंतर नसतो. सरळ लागला की दाब सोडून द्या, टॅप स्वतःच्या आट्यांवर चालतो. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, असं करत राहा. मागे घेताना कीस तुटल्याची बारीक कुरकुर हाताला जाणवते. बंद भोकात टोकाला निमुळता नसलेला टॅप शेवटी फिरवा, नाहीतर तळाचे आटे अर्धवट राहतील. टॅप तळाला टेकला की जोर लावायचा नाही. तुटलेला टॅप कठीण पोलादाचा असतो, त्याला ड्रिल लागत नाही, आणि मग आटे गेले ही अडचण फारच लहान वाटायला लागते.

वारा मारा, पेट्रोलने धुवा, पुन्हा वारा मारा. भोक वाळू द्या.

स्प्रिंगच्या खालच्या टोकाला आत वळलेला छोटा आडवा तुकडा असतो, त्याला मी जीभ म्हणतो. दांडीची खाच त्या जिभेत अडकवा आणि स्प्रिंग आत फिरवा. इथे दाबायचं नाही. दाबलंत तर तारेचा एक वेढा दुसऱ्यावर चढतो आणि स्प्रिंग फुकट जाते. फिरवत राहा, ती आपोआप खाली जाते. वरचं टोक पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा फेरा खाली गेलं की थांबा. वर राहिली तर कव्हर नीट बसणार नाही आणि बोल्ट तिला ओढून बाहेर काढेल. एकदा बसल्यावर दांडी उलटी फिरवू नका, जीभ पुढे जाताना ढकलते, मागे येताना धरत नाही.

शेवटी जीभ तोडायची. दांडी काढा, सपाट टोकाचा पंच जिभेवर ठेवा, हातोडीचा एकच नेमका फटका. तिथे मुद्दाम खाच केलेली असते, ती तुटते. तुटलेला तुकडा बाहेर काढल्याशिवाय जागेवरून उठू नका. स्टेनलेस असल्यामुळे चुंबक बहुधा त्याला पकडत नाही. काडीच्या टोकाला ग्रीस लावून उचला.

एक कोरा बोल्ट हाताने घाला. शेवटपर्यंत बोटांनी गेला पाहिजे.

चेंबरचं भोक

पद्धत तीच, काही गोष्टी वेगळ्या. भोक खालून आहे, तुम्ही आडवे पडून वर बघत काम करणार, त्यामुळे सरळपणा राखणं अवघड. शक्य असेल तर इंजिन उतरवा. नसेल तर बाबांच्या गाडीला केलं तसं करा. मागच्या चाकाखाली फळ्या घालून गाडी उंच केली, मी ड्रिल धरलं, काका गुण्या घेऊन बाजूला बसले आणि दर फेऱ्याला ‘डावीकडे, अजून, बस’ सांगत राहिले.

इथे बुश बसवत असाल तर बाहेरच्या आट्यांना लाल लॉकटाइट (आटे पक्के चिकटवणारं द्रव) लावा आणि पूर्ण चोवीस तास सुकू द्या. स्प्रिंग बसवत असाल तर ती पृष्ठभागाच्या नक्की खाली हवी, कारण ऑइल अडवतो तो वॉशर, आणि वॉशरला सपाट जागा लागते. जीभ पंचने तोडू नका, ती उडून आत जाईल. लांब चोचीच्या पकडीने धरा, वाकवा आणि हलवून तोडा, म्हणजे तुकडा पकडीतच राहतो.

कितीही ग्रीस लावलं तरी थोडा कीस वर जातोच. नट न लावता वरून पावशेर साधं ऑइल सावकाश ओता आणि खाली पांढऱ्या फडक्यावर पडू द्या. चमक दिसली तर पुन्हा ओता. फडकं कोरं दिसेपर्यंत. तोवर इंजिन चालू करू नका, किकही मारू नका.

प्लगच्या भोकाबद्दल

हे पहिल्या वर्षात करू नका. पुष्कळ लहान गाड्यांत प्लगचे आटे १० मि.मी.चे, १ मि.मी. अंतराचे असतात. हेड गाडीवर ठेवून टॅप मारलात तर कीस थेट पिस्टनवर पडतो आणि ब्लॉकवर ओरखडे उमटतात. शिवाय बुशचं टोक ज्वलनकक्षात पुढे आलं तर ते लालबुंद तापतं आणि ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटवतं. हेड उतरवून लेथवर द्या.

मात्र हे भोक बिघडू न देणं तुमच्या हातात आहे. थंड इंजिनावर प्लग आधी पूर्ण बोटांनी बसवा. नवा असेल तर त्यानंतर पान्याने सुमारे अर्धा फेरा, जुनाच परत लावत असाल तर फेऱ्याचा जेमतेम आठवा भाग.

परत जोडताना

गॅस्केट नवं. कव्हर बसवा आणि सगळे बोल्ट नुसते भोकात सोडा. आवळण्याआधी त्यांची डोकी कव्हरच्या वर सारखीच उचललेली दिसली पाहिजेत. एखादं फार वर किंवा फार खाली असेल तर लांबी चुकली. मग सगळे बोटांनी, मग समोरासमोरचे आलटून पालटून दोन टप्प्यांत. टॉर्क रेंच (किती जोर लागतोय ते सांगणारा पाना) असेल तर गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा लावा. नसेल तर पाना टोकाला न धरता मधोमध धरा, हात आपोआप कमी जोर लावतो. पाइप घराबाहेर ठेवा.

ऑइल भरा, पाच मिनिटं चालवा, बंद करा, भोकाभोवती बोट फिरवून बघा. रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरा. सकाळी कागद कोरा असेल तर ५० कि.मी. चालवून पुन्हा एकदा पाना लावा, आवळायला नाही, नट हलतोय का ते बघायला.

आणि दुरुस्त केलेल्या भोकाशेजारी पांढऱ्या रंगाचा एक ठिपका द्या, गाडीच्या सर्व्हिस बुकात तारीख आणि स्प्रिंगचं किंवा बुशचं माप लिहा. पुढे जो कोणी तो बोल्ट उघडेल त्याला आत काय आहे ते कळलं पाहिजे. बाबांच्या पुस्तकात काकांच्या अक्षरात लिहिलंय: ‘चेंबर, पोलादी बुश, आत एम १२ x १.५, वॉशर दरवेळी नवा.’